वाचकांचे प्रश्न: माणूस टोकाला जातो तेव्हा नेमकं काय होतं?

टोकाचे विचार आणि राजकीय हिंसा या विषयावर काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि खरं सांगते, इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून बजावलंय, त्यामुळे मी कुणाचंच छापत नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही ईमेलमध्ये नुसत्या शिव्या होत्या, त्याही वाचल्या.

प्रश्न: ताई, बॉम्ब ठेवणारे, गर्दीवर गोळ्या झाडणारे लोक मुळात वेडे असतात ना? नॉर्मल माणूस असं करूच शकत नाही. आणि दुसरं म्हणजे गरिबी, शिक्षण नाही, हाताला काम नाही म्हणून पोरं तिकडे जातात, बरोबर?

दोन्ही समज आपल्याला सोयीचे आहेत, कारण दोन्हींमध्ये 'ते' वेगळे आणि 'आपण' वेगळे ठरतो. पुरावा मात्र तसा नाहीये. मार्था क्रेनशॉ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्येच लिहून ठेवलंय की या लोकांमध्ये सगळ्यात ठळक समान गोष्ट कुठली असेल तर ती म्हणजे त्यांचं नॉर्मल असणं. त्यानंतरही 'दहशतवाद्याची पर्सनॅलिटी' शोधायचे खूप प्रयत्न झाले, हाती काही लागलं नाही. एक अपवाद सांगायला हवा, एकेकट्यानं हल्ला करणारे. पॉल गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिका-युरोपातल्या अशा ११९ जणांची माहिती तपासली, त्यात साधारण तिसऱ्या हिश्श्याला आधी काही ना काही मानसिक आजार होऊन गेलेला होता. संघटनेत काम करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण खूपच कमी दिसतं, आणि त्यात नवल नाही, कारण बेभरवशाचा माणूस संघटनेलाही नकोच असतो, ते स्वतःच निवडून घेतात. आणि आजार असणारे करोडो लोक कधी कुणाला बोटही लावत नाहीत हे वेगळं सांगायला नको.

गरिबीचं म्हणाल तर ॲलन क्रूगर आणि यित्का मालेचकोव्हा या अभ्यासकांनी २००३ मध्ये लेबनॉनच्या हिजबुल्लाहच्या मारल्या गेलेल्या लढवय्यांची माहिती तपासली, तर ते तिथल्या सरासरी माणसापेक्षा कमी गरीब आणि जास्त शिकलेले निघाले. २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले, अडीचशेपेक्षा जास्त माणसं गेली, त्यातले दोन हल्लेखोर एका गडगंज मसाला व्यापाऱ्याची मुलं होती. टोकियोच्या मेट्रोत २० मार्च १९९५ ला सारीन गॅस सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात शास्त्रज्ञ होते, आणि गॅस सोडणाऱ्यांपैकी एक, इकुओ हायाशी, चांगला नावाजलेला हार्ट सर्जन होता, म्हणजे माणसं वाचवण्याचं शिक्षण घेतलेला माणूस. जर्मनीत रेड आर्मी फॅक्शन या अतिडाव्या सशस्त्र गटाच्या गुद्रुन एन्सलीनचे वडील पाद्री होते, उलरिके माइनहॉफ नाव कमावलेली पत्रकार, दोन जुळ्या मुलींची आई. अमेरिकेत टपालानं बॉम्ब पाठवणारा टेड काझिन्स्की तर हार्वर्डला शिकलेला, बर्कलीला गणित शिकवणारा. तेव्हा 'चांगल्या घरातला आहे, शिकलेला आहे, तो कशाला जाईल' या भरवशावर कुणी राहू नये. गरिबी अगदीच बिनमहत्त्वाची असं मी म्हणत नाही, काही ठिकाणी हातात बंदूक म्हणजे पगार असतो आणि पोरं पगारासाठी जातात, पण त्यानं सगळं समजत नाही.

प्रश्न: अशा गटांमध्ये इंजिनिअर खूप असतात असं ऐकलं, खरं का? (मी स्वतः इंजिनिअर आहे 😀)

दिएगो गाम्बेत्ता आणि स्टेफेन हेर्टोग यांनी हे मोजलंय. जिहादी गटांमध्ये इंजिनिअरांचं प्रमाण खरंच अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघालं, पण अतिडाव्या गटांमध्ये इंजिनिअर जवळजवळ नाहीतच, तिथे आर्ट्सवाले. कारणाबद्दल वाद आहेत, मोठ्या अपेक्षेनं डिग्री घेतली आणि त्या लायकीचं काम मिळालं नाही हे एक, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच पक्कं उत्तर हवं असणारा स्वभाव हे दुसरं. तुम्ही निवांत राहा.

प्रश्न: मग सुरुवात होते कशी? कुणीतरी येऊन ब्रेनवॉश करतं का? मला टप्प्याटप्प्यानं समजून घ्यायचंय, कारण टीव्हीवर फक्त शेवट दाखवतात, हा काल पकडला गेला, शेजारी म्हणतात शांत मुलगा होता, संपलं.

ब्रेनवॉश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चलाख माणूस आणि एक भोळा पोरगा येतो. तसं क्वचित होतं. जास्त वेळा असं होतं की आधी माणसं भेटतात आणि विचार मागून येतो. मार्क सेजमन नावाचे सायकिॲट्रिस्ट, आधी सीआयएमध्ये होते, त्यांनी जागतिक जिहादी चळवळीतल्या १७२ जणांची माहिती गोळा केली, तर साधारण दोन तृतीयांश लोक मैत्रीतून आत आले होते आणि आणखी पाचवा हिस्सा नात्यातून. भाऊ, मेहुणा, एका खोलीत राहणारे, परदेशात एकटे पडलेले आणि एकत्र जेवणारे चार विद्यार्थी. इटली आणि जर्मनीतल्या डाव्या गटांवर दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी काम केलं, विचारसरणी पूर्ण उलटी, पण चित्र तेच, मित्र गेला म्हणून मी गेलो. आणि धर्म म्हणाल तर आयसिसच्या भरती फॉर्मांचा एक मोठा गठ्ठा २०१६ मध्ये फुटला, त्यात धर्माचं ज्ञान किती या रकान्यात बहुसंख्य लोकांनी 'प्राथमिक' असं लिहिलं होतं. २०१३ मध्ये सीरियाला गेलेल्या बर्मिंगहमच्या दोन पोरांनी तर निघण्याआधी धर्माची तोंडओळख करून देणारी अगदी पहिल्या पायरीची पुस्तकं ऑनलाइन मागवली होती. म्हणजे ज्यासाठी मरायला निघालो ते काय आहे हे वाटेत वाचू!

आता आत खेचतं काय, तर आरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं मला सगळ्यात पटतं. माणसाला आपण कुणीतरी आहोत, आपली किंमत आहे असं वाटायला हवं असतं, आणि ते वाटणं कशानं तरी मोडतं. अपमान, नापास होणं, नोकरी जाणं, प्रेमात लाथ बसणं, किंवा आपल्या लोकांवर कुठेतरी झालेला अन्याय बघून स्वतःचीच मान खाली गेल्यासारखं वाटणं. अशा वेळी कुणीतरी येतं आणि तीन गोष्टी एकदम देतं: तुझं काही चुकलेलं नाही, चूक 'त्यांची' आहे, आणि तू काहीतरी मोठं करू शकतोस. चौथी गोष्ट बोलून दाखवत नाहीत पण तीच सगळ्यात मोठी असते, रोज संध्याकाळी वाट बघणारी माणसं.

पुढचं सगळं हळूहळू होतं, म्हणूनच घरच्यांना कळत नाही. आधी नुसतं ऐकायला ये म्हणतात. मग एखादं छोटं काम सांगतात, पोस्टर लाव, पैसे पोचव, एक सिम कार्ड तुझ्या नावावर घे, आणि एकदा केलं की 'मी हे का केलं' याला उत्तर म्हणून मनच विश्वास तयार करतं, कारण आपण मूर्खासारखं केलं असं कुणाला मानायचं असतं! मग गुपितं येतात, आणि गुपित असलं की बाहेरच्यांशी बोलणं आपोआप कमी होतं. जुने मित्र 'बावळट' वाटायला लागतात. बोलायला उरतात फक्त आतली माणसं, आणि आत एक विचित्र चढाओढ असते, जो जास्त कडक बोलेल तो जास्त खरा. मवाळ बोललास की संशय. ही चढाओढ कुठवर जाते बघायचं असेल तर जपानची अतिडावी युनायटेड रेड आर्मी बघा, १९७१-७२ च्या हिवाळ्यात डोंगरातल्या तळांवर साधारण तीस जणांच्या या गटानं 'आत्मपरीक्षण' या नावाखाली स्वतःच्याच १२ साथीदारांचा जीव घेतला. मारहाण करून, बाहेर थंडीत बांधून ठेवून. एकीवरचा आरोप काय, तर मेकअप करते, अंगठी घालते. शत्रू मैलोन्मैल नव्हता हो तिथे.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. क्लार्क मॅकॉली आणि सोफिया मोस्कालेन्को सांगतात की टोकाचं मत आणि टोकाची कृती हे दोन वेगळे पिरॅमिड समजावेत. जहाल बोलणाऱ्यांतले बहुतेक जण कधीच काही करत नाहीत, आणि करणाऱ्यांमध्ये काही जणांचं मत धड तयारही झालेलं नसतं, ते मित्रासाठी, थरारासाठी, बदल्यासाठी किंवा पैशासाठी आलेले असतात. त्यामुळे 'आधी विचार बिघडतो, मग हात उठतो' अशी सरळ शिडी सगळ्यांना लागू होत नाही.

प्रश्न: सगळा दोष मोबाईलचा आहे असं माझं ठाम मत आहे. एक व्हिडिओ बघितला की दुसरा त्याहून भडक, मग तिसरा. अल्गोरिदम बंद करा, प्रश्न मिटेल.

थोडं खरं आहे, पण मिटणार नाही. न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ ला दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली, त्यावर नेमलेल्या रॉयल कमिशननं हल्लेखोराच्या बाबतीत यूट्यूबचं नाव घेऊन सांगितलंय की त्याच्या डोक्यात भरण्यात त्याचा मोठा वाटा होता. फार माणसांत न मिसळणारा, ऑनलाइनच वाढलेला. म्हणजे फोनचा हात आहेच.

पण दुसरी बाजू पण ऐका. अमेरिकेत २०२० मध्ये साधारण बाराशे लोकांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या परवानगीनं लक्ष ठेवून बघितलं की कोण काय बघतंय, तर टोकाच्या चॅनेलांचे बहुतेक व्ह्यूज एका छोट्या गटाकडून आले, आणि त्यांच्या मनात वंशाबद्दल, बायकांबद्दल राग आधीपासूनच होता, चॅनेल त्यांनी स्वतः सबस्क्राइब केलेली होती किंवा कुणीतरी लिंक पाठवली होती. साधा माणूस गाणी बघता बघता तिकडे घसरला असं फार कमी दिसलं. आता हा अभ्यास यूट्यूबनं २०१९ मध्ये शिफारशी बदलल्यानंतरचा आहे, त्याआधी काय होतं ते यावरून सांगता येत नाही, आणि एकाच प्लॅटफॉर्मवरून सगळ्यांबद्दल बोलूही नये.

आणि मोबाईल नव्हता तेव्हा काय होतं? रवांडात १९९४ मध्ये साधारण शंभर दिवसांत तुत्सी समाजाचे लाखो लोक मारले गेले, रेडिओवरून त्यांना झुरळं म्हणत होते. सगळे म्हणतात रेडिओनं केलं. स्कॉट श्ट्राउस या अभ्यासकानं तुरुंगातल्या दोनशेहून जास्त मारेकऱ्यांशी बोलून बघितलं तर बहुतेक जण रेडिओ ऐकून नाही, तर गावचा पुढारी आणि शेजारीपाजारी दारात येऊन चल म्हणाले म्हणून, न गेलो तर आपल्यालाच धरतील या भीतीनं गेले होते. रेडिओनं वातावरण केलं, हात धरून नेलं ते ओळखीच्या माणसांनी. आजच्या ग्रुपचं तेच आहे. सार्वजनिक व्हिडिओपेक्षा मला भीती वाटते ती त्या पंधरा-वीस जणांच्या बंद ग्रुपची, जिथे सुरुवात मीम आणि जोकनं होते आणि कुणी हरकत घेतली की 'अरे मस्करी कळत नाही का तुला' म्हणतात. मस्करीचा फायदा असा की मागे फिरायची वाट कायम मोकळी असते, आणि पुढेही जाता येतं.

प्रश्न: ताई, माझ्या बहिणीच्या मुलाबद्दल लिहितेय. एकोणीस वर्षांचा आहे, पहिल्यापासून अबोल पण माझ्याशी बोलायचा. गेल्या वर्षी परीक्षेत खूप मागे पडला आणि त्यानंतर सगळं बदललं. दिवसभर खोलीत, हेडफोन लावून. खेळायला जायचा ते बंद, जुने मित्र आले तर दार उघडत नाही. नवीन मित्र आहेत म्हणतो पण एकाचंही नाव सांगत नाही. जेवताना एकदम सुरू होतो, तुम्ही सगळे झोपलेले आहात, ते लोक आपल्याला संपवणार आहेत, आणि जे शब्द वापरतो ते माणसांबद्दल कुणी वापरत नाही हो. त्याच्या वडिलांनी परवा फोन आपटला आणि सांगितलं, या घरात राहायचं तर हे चालणार नाही. आता तो घरात कुणाशीच बोलत नाही, मला फक्त एकदा मेसेज केला, 'मावशी तू तरी समजून घे'. मी काय करू? मला तर त्याच्याशी बोलायचीही भीती वाटते, बोलता बोलता माझ्याकडून काही चुकीचं जाईल अशी.

तो शेवटचा मेसेज ही तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. त्याला उत्तर दिलं नसेल तर आधी ते द्या, हे वाचून संपायच्या आत दिलंत तरी चालेल.

तुम्ही जे लिहिलंय त्यात मला त्याच्या मतांपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. खेळ बंद, मित्र तोडले, नावं लपवतो, माणसांना किड्यामुंग्यांचे शब्द वापरतो. एकोणिसाव्या वर्षी पोरं टोकाचं बोलतातच, बोलू द्यावं. आयुष्य एका बाजूनं अरुंद होत जातंय हे जास्त काळजीचं. आणि सुरुवात कुठून झाली ते तुम्हीच लिहिलंय, परीक्षा. त्या अपयशाबद्दल त्याच्याशी घरात कुणी एकदा तरी नीट बोललंय का? की नुसतंच 'अभ्यास केला असतास तर'?

वडिलांचा राग समजतो मला. पण 'हे चालणार नाही, नाहीतर घराबाहेर' हे वाक्य म्हणजे त्या ग्रुपला फुकटात मिळालेली मदत. तिथे त्याला आधीच सांगितलेलं असतं की घरचे तुला समजून घेणार नाहीत, तुला हाकलतील. फोन फुटल्यानं दुसरा फोन येतो, एवढंच होतं.

वादाचं म्हणाल तर आधी ओळख आणि मग वाद, अशा दोन वेळा वेगळ्या ठेवा. डेरेक ब्लॅक यांचं उदाहरण यासाठी फार उपयोगाचं आहे. अमेरिकेतल्या गोऱ्या वंशवाद्यांच्या सगळ्यात मोठ्या वेबसाइटपैकी एक त्यांच्या वडिलांनी सुरू केली होती, लहानपणापासून तेच बाळकडू, पुढचे नेते म्हणूनच सगळे बघायचे. फ्लोरिडातल्या कॉलेजात हे उघड झाल्यावर बहुतेकांनी वाळीत टाकलं, पण एका ज्यू विद्यार्थ्यानं दर शुक्रवारी होणाऱ्या सब्बाथच्या जेवणाला बोलवायला सुरुवात केली. आणि बाकी पाहुण्यांना सांगून ठेवलं, त्या विषयावर बोलायचं नाही. पुष्कळ दिवस नुसतं जेवण. मग ओळख मुरल्यावर एका मैत्रिणीनं एकेक मुद्दा घेऊन, आकडे, अभ्यास पुढे ठेवून वाद घातला, आणि तो वाद पोचला. २०१३ मध्ये ब्लॅक यांनी जाहीरपणे ती चळवळ सोडली. लोक यातला फक्त जेवणाचा भाग सांगतात, पण पुराव्यांचा भाग पण तितकाच खरा आहे, फक्त तो नंतर आला. (आणि वाळीत टाकणाऱ्यांमुळेही 'आपल्या बोलण्यानं लोकांना इजा होते' हे ध्यानात आलं, असं स्वतः ब्लॅक यांनी सांगितलंय, तेव्हा गोष्ट दिसते तितकी गोड नाही.)

तुम्ही सुरुवात विषय सोडून करा. कुठेतरी बरोबर जा, त्याच्या हातात एखादं खरं काम द्या जे त्याला जमतं. तो विषय काढेलच, तेव्हा 'हे चूक आहे'च्या जागी 'तुला हे कुणी सांगितलं, आणि तुला तेव्हा काय वाटलं' विचारा आणि खरंच ऐका. ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे, माणसांबद्दल घाण शब्द वापरला तर शांतपणे सांगा की माझ्यासमोर नको. चुकीचं काही बोललात तरी आभाळ कोसळणार नाही, दुसऱ्या दिवशी परत फोन करा. सहा महिने, वर्ष लागू शकतं. शक्य असेल तर समुपदेशकाकडे न्या, पण 'तुझे विचार दुरुस्त करायला' म्हणून नको, झोप, अभ्यास, एकटेपणा या कारणानं न्या, कारण तेही खरंच आहे.

आता कठीण भाग. हत्याराबद्दल विचारपूस किंवा खरेदी, एखादी ठरावीक जागा-तारीख-माणूस यांचा उल्लेख, निरोपासारखं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, एकाएकी अगदी शांत होणं, यातलं काही दिसलं तर मावशीपण बाजूला ठेवून पोलिसांकडे जावं लागेल. मी वर ज्या ११९ जणांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्यात जवळजवळ ६४ टक्के प्रकरणांत घरच्यांना किंवा मित्रांना इरादा आधी माहीत होता, कारण त्या माणसानं स्वतः बोलून दाखवला होता. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटात १६८ माणसं गेली, स्फोट घडवणाऱ्या टिमोथी मॅक्वेचा लष्करातला मित्र मायकल फोर्टियर याला बेत माहीत होता, गप्प बसला, पुढे १२ वर्षांची शिक्षा झाली त्याला. उलट वर ज्याचं नाव आलं त्या टेडचा भाऊ डेव्हिड काझिन्स्की बघा. १९९५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये छापलेला, निनावी बॉम्बवाल्याचा पस्तीस हजार शब्दांचा जाहीरनामा वाचून त्याला भावाची भाषा ओळखू आली, संशय आधी बायकोला आला होता, आणि ज्याच्यावर जीव होता त्या सख्ख्या भावाचं नाव त्यानं एफबीआयला दिलं, आणि मग त्याला फाशी होऊ नये म्हणून धडपडलाही. टेडला जन्मठेप झाली. भावाला वाचवणं आणि लोकांना वाचवणं ही दोन्ही कामं त्यानं एकदमच केली.

तुमच्या पत्रावरून तुमचा भाचा त्या टोकाच्या जवळपासही वाटत नाही. पण बहिणीला ही खूण-यादी माहीत असू दे.

प्रश्न: तुमच्यासारखे लोक या नराधमांसाठी कारणं शोधत बसतात म्हणून हे फोफावतात. बळी गेलेल्यांच्या घरच्यांना विचारा त्यांना 'समजून घेणं' हवंय का.

त्यांना न्याय हवा असतो आणि बऱ्याच जणांना हे कसं झालं याचं उत्तरही हवं असतं. शिक्षेला माझा विरोध नाही, कारण सांगितल्यानं गुन्हा कमी होत नाही. पण 'नराधम' म्हणून थांबलो तर पुढचा कुठून येणार हे कळायची सोय राहत नाही, आणि मला पुढच्यात जास्त रस आहे.

प्रश्न: सरकारच्या हिंसेचं काय? आणि काल ज्याला दहशतवादी म्हणत होते त्याचाच आज पुतळा असतो. मग टोकाचं कोण हे ठरवायचं कुणी?

प्रश्न रास्त आहे. मंडेलांचं नाव अमेरिकेच्या दहशतवादी यादीतून २००८ साली निघालं, तोवर ते राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्तही झाले होते. म्हणून मी लेबलपेक्षा दोन गोष्टी बघते: नि:शस्त्र, संबंध नसलेल्या माणसांना मुद्दाम लक्ष्य केलंय का, आणि समोरच्या अख्ख्या गटाला जगायचाच हक्क नाही असं म्हणणं आहे का. या कसोट्या सरकारलाही लावा.

सरकारी हिंसेबद्दल बोलायचं तर ती भरतीचं सगळ्यात मोठं कारण ठरते कितीदा तरी. उत्तर आयर्लंडमध्ये डेरीला ३० जानेवारी १९७२ ला ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या चालवल्या, त्या दिवशी १३ माणसं मेली, आणि त्यानंतर ब्रिटिशांविरुद्ध बंदूक उचललेल्या आयआरए या गटामध्ये जाणाऱ्या तरुणांची रीघ लागली. चुकलं असं पंतप्रधानांनी संसदेत कबूल करायला २०१० उजाडलं. जर्मनीतही तेच, २ जून १९६७ ला बर्लिनच्या निदर्शनात बेनो ओनेझॉर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीनं गेला, पोलीस सुटला, आणि एका पिढीच्या एका तुकड्यानं ठरवलं की बोलण्यात अर्थ नाही. गंमत म्हणावी की काय, तो पोलीस पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस खात्याचा खबऱ्या होता हे २००९ मध्ये बाहेर आलं.

पण 'बोलण्यात अर्थ नाही' हे तरी खरं आहे का? एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोठ्या चळवळी मोजल्या, तर अहिंसक चळवळी ५३ टक्के वेळा यशस्वी झाल्या आणि सशस्त्र २६ टक्के. आकड्यांवर वाद घालणारे आहेत, कुठली चळवळ पूर्ण अहिंसक म्हणायची वगैरे, पण बंदुकीनंच काम होतं हा जो पक्का समज असतो ना तरुण वयात, त्याला या यादीत तरी आधार नाही.

प्रश्न: माझा शाळेतला मित्र अशाच एका गटात होता. हिंसा स्वतः केली नाही पण मदत केली, शिक्षा भोगून परत आलाय. तो म्हणतो आता तसलं काही करणार नाही, पण मतं पूर्ण बदलली आहेत असंही म्हणत नाही. घरचे, शेजारी कुणी बोलत नाही त्याच्याशी. मी बोलावं का? विश्वास ठेवावा का?

बोला. विश्वास हळूहळू ठेवा.

जॉन हॉर्गन यांनी अशा खूप लोकांशी बोलून एक फरक दाखवलाय, हिंसा सोडणं वेगळं आणि विचार सोडणं वेगळं. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं अर्धवटच करतात, तरी परत तिकडे जात नाहीत. बाहेर पडायची कारणंही बहुतेक वेळा तात्त्विक नसतात. आतल्या माणसांचा कंटाळा, नेत्याचा ढोंगीपणा, मूल झालं, वय झालं, थकवा. तुमचा मित्र प्रामाणिकपणे 'मतं पूर्ण बदलली नाहीत' म्हणतोय हे मला तरी 'मी एकदम नवा माणूस झालोय'पेक्षा बरं वाटतं.

जर्मनीत २००० साली बर्न्ड वाग्नर हे माजी पोलीस अधिकारी आणि इंगो हासेलबाख हा माजी निओ-नाझी यांनी मिळून एक्झिट नावाचं काम सुरू केलं, नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये त्याआधीच सुरू झालं होतं. बाहेर पडणाऱ्याला घर शोधून देणं, काम, जुने टॅटू पुसून टाकायला मदत, जुन्या साथीदारांच्या धमक्यांपासून लपवणं, असलं सगळं. त्यांची एक करामत मला फार आवडते: २०११ मध्ये गेरा इथल्या निओ-नाझींच्या रॉक फेस्टिव्हलमध्ये त्यांनी कवटी आणि झेंडे असलेले २५० टी-शर्ट फुकट वाटले, पोरांनी खुशीत नेले, आणि घरी धुतल्यावर छपाई निघून गेली आणि खालून मजकूर आला की तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, सोडायचं असेल तर आम्ही मदत करू, आणि खाली पत्ता.

डेन्मार्कच्या आरहूस शहरात सीरियाहून परत आलेल्यांना पोलिसांनी आणि पालिकेनं मेंटॉर दिले, शिक्षणात, नोकरीत परत बसवायचा प्रयत्न केला. गुन्हा केला असेल तर खटला चालणारच, पण ज्याच्यावर तो नव्हता त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. लाड करताय म्हणून टीकाही झाली त्यांच्यावर. माझं विचाराल तर, ज्याला तुम्ही कायमचं बाहेर ठेवता त्याला बोलवणारे जुने लोक एका फोनच्या अंतरावर असतात.

तुम्हाला त्याचे विचार तपासत बसायची गरज नाही, ते तुमचं काम नाही. पैसे उसने द्यायचे, नाव वापरू द्यायचं, कुणाला घरी आणायचं असेल तर आधी विचार करा, आणि जुन्या लोकांशी परत संपर्क दिसला तर तोंडावर विचारा. बाकी तो काय काम करू शकतो ते बघा, ओळखीत कुठे शब्द टाकता येत असेल तर टाका, पण मालकाला शिक्षेची गोष्ट आधी सांगूनच, नाहीतर ती कळेल त्या दिवशी नोकरीही जाईल आणि तुमचा शब्दही.